कण्यातून नाही हो, कोनाड्यातून!

गेल्या रविवारी आपल्या कॉलेजच्या हॉलमध्ये स्टेम सेल दात्यांच्या नोंदणीचं शिबिर झालं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, एक फॉर्म भरायचा, संपलं. रक्तदानाला रांग लावणारं आपलं गाव. इथं आले सतरा जण. त्यातले सहा तर आयोजकांचेच कार्यकर्ते.

कारण बाहेर चहाच्या टपरीवर कळलं. "भाऊ, मणक्यातून मज्जा काढतात म्हणे. उद्या कमरेखाली लुळा पडलो तर म्हातारीला कोण बघणार?" बोलणारा पोरगा दर तीन महिन्यांनी रक्त देणारा आहे. भित्रा अजिबात नाही.

मला त्याच्याशी वाद घालायला तोंड नव्हतं. २००९ साली मीच बातमी लिहिली होती, 'पाठीच्या कण्यातून मज्जा देऊन बहिणीने वाचवले भावाला'. चार कॉलम. कुणी चूक काढली नाही, उलट कौतुकाचे फोन आले. म्हणून आज जरा लांबड लावतोय, वाचा.

घोळ भाषेपासूनच सुरू होतो. मज्जारज्जू म्हणजे कण्यातून जाणारी नसांची दोरी. मज्जासंस्था म्हणजे मेंदू आणि नसांचं जाळं. आणि अस्थिमज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतला मऊ गर. मटणात नळी आली की ताटावर ठोकून आपण जे ओढून खातो, ते. नाव एक, वस्तू वेगळ्या. इंग्रजीत हा घोळ होत नाही, आपल्याकडे बातमीदारापासून होतो.

या गरात रक्त तयार होतं हे माणसाला कळलं १८६८ साली. कोनिग्सबर्गला अर्न्स्ट नॉयमान आणि इटलीत ज्युलिओ बित्सोझेरो, दोघांनी एकाच वर्षी सांगितलं. तोपर्यंत हाडातला गर म्हणजे नुसती चरबी, असाच समज. पुढे १९०९ साली अलेक्झांडर मॅक्सिमोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने मांडलं की तांबड्या, पांढऱ्या सगळ्या रक्तपेशींची आई एकच असावी. पण ही आई कुणी पाहिलेली नव्हती.

तिचा शोध लागायला अणुबॉम्ब पडावा लागला. हिरोशिमा-नागासाकीत स्फोटातून वाचलेली, अंगावर फारशी जखम नसलेली माणसं दोन-चार आठवड्यांनी हिरड्यांतून रक्त येऊन, ताप येऊन गेली. किरणांनी त्यांची मज्जा जाळली होती. युद्धानंतर सगळ्या सरकारांना एकच चिंता, पुन्हा बॉम्ब पडला तर माणसं वाचवायची कशी? पैसा आला. शिकागोला लिऑन जेकबसनने उंदरांची प्लीहा, म्हणजे आपली पानथरी, शिशाने झाकली आणि उरलेल्या अंगावर मारक किरण सोडले. उंदीर जगले! उंदराच्या पानथरीतही रक्त तयार होतं, हे त्यामागचं कारण. १९५१ मध्ये एगॉन लोरेन्झने किरण दिलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदराची मज्जा टोचली, तेही जगले.

मग माणसांवर प्रयोग. अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५७ साली सहा रुग्णांना दुसऱ्याची मज्जा शिरेतून दिल्याचं प्रसिद्ध केलं. एकही फार दिवस जगला नाही. पुढच्याच वर्षी युगोस्लाव्हियात विन्चा इथल्या अणुभट्टीत अपघात झाला, सहा तरुण संशोधक होरपळले. त्यांना पॅरिसला नेलं. डॉ. जॉर्ज माते यांनी पाच जणांना फ्रेंच दात्यांची मज्जा दिली. हे दाते रुग्णांच्या ना नात्याचे, ना देशाचे. आणि तेव्हा मज्जा देणं खरोखरच अवघड काम होतं. सहापैकी एक गेला, बाकीचे वाचले. दिलेली मज्जा त्यांच्यात कायमची रुजली नाही, स्वतःची सावरेपर्यंत तिने वेळ मारून नेली. पण ते अनोळखी दाते मला या सगळ्या गोष्टीत फार मोठे वाटतात. काय होईल याची कुणालाच खात्री नसताना ते टेबलावर आडवे झाले.

आता टोरोंटो. जेम्स टिल भौतिकशास्त्रातला, अर्नेस्ट मॅककुलॉक डॉक्टर. किरण दिलेल्या उंदरांना ते मोजून मापून मज्जेच्या पेशी टोचत होते. एका रविवारी मॅककुलॉक प्रयोगशाळेत आला, दहा दिवसांपूर्वी टोचलेले उंदीर तपासले, तर प्लीहेवर बारीक बारीक गाठी. त्याने त्या मोजल्या. जितक्या जास्त पेशी टोचल्या तितक्या गाठी जास्त, सरळ हिशोब. १९६१ मध्ये हे किरणोत्सर्गाच्या एका नियतकालिकात छापून आलं आणि फारसं कुणी लक्ष दिलं नाही. दोन वर्षांनी त्यांच्या अँड्र्यू बेकर या विद्यार्थ्यासोबत त्यांनी सिद्ध केलं की एक अख्खी गाठ एकाच पेशीपासून वाढते. मॅक्सिमोव्हची 'आई' म्हणतात ती हीच, असं तेव्हा वाटलं. (या दोघांना नोबेल मिळालं नाही. रविवारी कामावर जाणाऱ्यांना बहुतेक मिळत नसावं.)

पण एक गोम राहिली. प्लीहेवरच्या गाठीतल्या पेशी दुसऱ्या उंदराला दिल्या की त्यांचा जोर लवकर ओसरायचा. हाडातल्या पेशी मात्र टिकायच्या. असं का? मँचेस्टरच्या रे स्कोफील्डने १९७८ साली उत्तर दिलं. म्हणाला, पेशी नुसती बघू नका, ती राहते कुठे ते बघा. हाडात तिची ठरलेली जागा असते. तिथं आहे तोवर ती मूळपेशी राहते. तिथून बाहेर पडली की तिची पिलावळ मोठी होऊन तांबडी-पांढरी होते आणि संपते. या जागेला त्याने जो शब्द वापरला त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, कोनाडा. जुन्या घराच्या भिंतीत दिवा ठेवायला असतो तो. कोनाड्यातला दिवा वाऱ्याने विझत नाही.

त्याच शहरात मायकेल डेक्स्टरच्याही हे लक्षात आलं होतं. बशीत या पेशी एकट्या जगत नाहीत. मज्जेतल्या इतर पेशींचं अंथरूण खाली लागतं.

स्कोफील्डचा हा नुसता तर्क होता. कोनाडा नेमका कुठे, यावर पुढे पंचवीस-तीस वर्षं गेली. २००३ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी सांगितलं, हाड बांधणाऱ्या पेशींपाशी. २००५ मध्ये शॉन मॉरिसनच्या गटाने सांगितलं, नाही, बऱ्याचशा मूळपेशी मज्जेतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून असतात. आज कल या दुसऱ्या बाजूला जास्त आहे, वाद मात्र चालू आहे. जपानच्या ताकाशी नागासावांच्या गटाने तिथल्याच पेशींमधून निघणारं एक रसायन दाखवलं, ते मूळपेशीला जागेवर धरून ठेवतं. गाईच्या गळ्यातलं दावं समजा.

टपरीवरच्या पोराला मला हेच सांगायचं होतं. दावं कळलं की ते सैल करता येतं. दात्याला चार-पाच दिवस एक इंजेक्शन देतात. त्याने मूळपेशी वाढतात, दावं ढिलं पडतं आणि त्या रक्तात येतात. मग दंडातून रक्त मशीनमध्ये, हव्या त्या पेशी बाजूला, उरलेलं रक्त परत अंगात. प्लेटलेट दिल्यासारखंच, फक्त चार-सहा तास बसायचं. त्या दिवसांत अंग दुखतं, हाडं ठणकतात, कणकण वाटते, ते लपवत नाही. काही रुग्णांना, विशेषतः थॅलेसेमियाच्या मुलांना, आजही हाडातलीच मज्जा द्यावी लागते. तेव्हा भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून घेतात. थोडे दिवस तिथं दुखतं. दिलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. मज्जारज्जूला दोन्ही वेळा हात लागत नाही.

आणि रुग्णाचं ऑपरेशन नसतंच. पिशवी टांगतात, पेशी शिरेतून जातात आणि आपापला कोनाडा शोधत हाडात जाऊन बसतात.

आपल्याकडे हे पहिल्यांदा यशस्वी झालं परळला, टाटा हॉस्पिटलमध्ये, १९८३ साली. डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. लहानपणी पोलिओ झालेला हा माणूस व्हीलचेअरवरून वॉर्डात फिरायचा. ते शिकून आले थॉमस यांच्याकडूनच. सहाच्या सहा रुग्ण गमावलेल्या त्या थॉमसना १९९० मध्ये नोबेल मिळालं.

सख्ख्या भावाबहिणीशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. एकच भावंड असलेल्या घरात ती किती, तुम्हीच बघा. बाहेरचा दाता जुळतो तो बहुधा आपल्याच मुळाच्या माणसांत. जर्मनीच्या यादीत लाखो नावं असली तरी आपल्या तालुक्यातल्या पोराला त्यांचा उपयोग कमीच.

शिबिर येत्या रविवारी पुन्हा आहे, त्याच हॉलमध्ये, सकाळी दहापासून. आणि २००९ च्या त्या बातमीत दुरुस्ती, सोळा वर्षं उशिरा का होईना: 'पाठीच्या कण्यातून' ऐवजी 'कमरेच्या हाडातून' असे वाचावे.