एलियट काउंटी
अमेरिकेच्या केंटकी राज्यातील डोंगराळ, ग्रामीण काउंटी. स्थापना १८६९, मुख्यालय सँडी हूक. कारभार फिस्कल कोर्ट हे निवडून आलेले मंडळ पाहते. त्याचा प्रमुख काउंटी जज-एक्झिक्युटिव्ह. शेरीफ, क्लार्क, इतकेच नव्हे तर तुरुंगाधिकारीही मतदारच निवडतात. १८७२ ते २०१२ या काळातील प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत काउंटीने डेमोक्रॅटिक पक्षालाच कौल दिला. ही निष्ठा विलक्षणच म्हणावी लागेल, कारण आसपासचा डोंगरी मुलूख २०१२ च्या आधीच रिपब्लिकन पक्षाकडे झुकला होता. २००८ मध्ये बराक ओबामांना येथे सुमारे ६१ टक्के मते मिळाली. २०१६ मध्ये मात्र डोनाल्ड ट्रम्प सुमारे ७० टक्के मते घेऊन जिंकले. तरीही २०१९ मध्ये गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट अँडी बेशिअर यांनाच येथे आघाडी मिळाली.