हिशेब विचारणारी समिती

चार हुतात्म्यांचे पुतळे ही आपल्या सोलापूरची ओळख आहे. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्याआधी, मे १९३० मध्ये, आपल्या शहरावर मार्शल लॉ लादला गेला होता. हिंदुस्थान त्या वेळी राष्ट्रसंघाचा सभासद होता. तरीही ‘सोलापूरकरांचे हक्क कोणत्या कारणाने काढून घेतले?’ असा जाब ब्रिटिश सरकारला विचारू शकेल अशी समिती जगात नव्हती.

गिरणी कामगारांच्या बाबतीत मात्र अशी सुरुवात आधीच झाली होती. १९१९ साली वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. तेथे हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले होते. कामाच्या तासांविषयी तेथे जो करार झाला, त्यात हिंदुस्थानसाठी आठवड्यास ६० तासांची मर्यादा ठरली. सरकारने १९२१ साली करार मान्य केला आणि १९२२ साली फॅक्टरी कायदा दुरुस्त झाला. तो सोलापूरच्या गिरण्यांनाही लागू होता. पुढे १९२६ साली मजूर परिषदेने तज्ज्ञांची समिती स्थापण्याचे ठरविले. सरकारांनी पाठविलेले अहवाल तपासायचे आणि करार पाळला जातो की नाही ते सांगायचे, हे तिचे काम. आजच्या मानवी हक्क समित्यांची रीत याच वळणाची आहे.

ही रीत समजून घेऊ. नागरी व राजकीय हक्कांचा करार १९७६ साली अंमलात आला. भारताने तो १९७९ साली स्वीकारला. त्यावर देखरेख ठेवणाऱ्या मानवी हक्क समितीत १८ सभासद असतात. त्यांना सदस्य राष्ट्रे निवडून देतात, पण ते आपल्या सरकारचे वकील नसतात. स्वतःच्या देशाची तपासणी चालू असता ते तीत भाग घेत नाहीत. आपले माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती हे अनेक वर्षे या समितीवर होते. सरकार अहवाल पाठविते, समिती लेखी प्रश्न काढते, जिनिव्हात खुल्या बैठकीत सवाल-जबाब होतात आणि शेवटी समिती आपले निष्कर्ष व शिफारशी प्रसिद्ध करते. आणीबाणीत काही हक्क स्थगित करता येतात. पण तसे केल्यास इतर राष्ट्रांना कारणासह कळवावे लागते, आणि जगण्याचा हक्क तेव्हाही स्थगित करता येत नाही. १९३० साली असा नियम नव्हता.

आता या रीतीची दुबळी बाजू पाहा. समितीपाशी पोलीस नाही, दंड नाही. भारताची तपासणी १९९७ साली झाली. त्यानंतरची थेट जुलै २०२४ मध्ये. मधली २७ वर्षे तशीच गेली. शिवाय व्यक्तीला या समितीकडे थेट तक्रार करू देणारा जोडकरार भारताने स्वीकारलेला नाही. सोलापूरच्या माणसाला दाद मागायची ती आपल्या न्यायालयात किंवा मानवी हक्क आयोगाकडेच.

मग आपला संबंध तो काय? संबंध आहे, आणि तो शिक्षणातून येतो. सरकारच्या अहवालाबरोबर स्वयंसेवी संस्थांचे अहवालही समितीपुढे जातात. बालहक्कांच्या करारासाठी वेगळी समिती आहे. तो करार भारताने १९९२ साली स्वीकारला. विडी वळणाऱ्या घरातील मुलगी शाळेतून का गळाली, हे जिनिव्हात बसलेल्या सभासदाला कसे कळावे? येथे कोणी नाव, इयत्ता, तारीख व कारण नीट टिपून ठेवले असेल, तरच कळेल. टिपण नसेल तर सरकारी आकडा तेवढा उरतो.

म्हणून पालकांनो, मुलांचे दाखले, हजेरीच्या नोंदी, मजुरीच्या पावत्या जपून ठेवा. विद्यार्थी मित्रांनो, मुद्देसूद अर्ज लिहिण्यास शिका, त्याची पोच घ्या, आणि कायदा वाचा. मोहल्ल्यातील एखादी मुलगी शाळा सोडत असेल, तर प्रथम तिच्या घरी जाऊन विचारपूस करा. समिती विचारील तेव्हा विचारील. पहिला प्रश्न आपल्याच गल्लीत विचारला गेला पाहिजे.