अलीने बरगड्या का सोडल्या?

पोटावर आणि बरगड्यांवर ठोसे बसले, की प्रतिस्पर्ध्याचा श्वास तुटतो, पाय जड होतात. ही मुष्टियुद्धातली जुनी शिकवण. मुहम्मद अलीने मात्र ती जवळजवळ आयुष्यभर बाजूलाच ठेवली. त्याचे ठोसे जात ते चेहऱ्याकडे.

कारण त्याच्या बचावात होते. ६ फूट ३ इंच उंचीचा अली हात खाली सोडून, पायांवर नाचत, डोके मागे झुकवून ठोसे चुकवी. बरगड्यांवर मारायचे तर गुडघे वाकवून आत शिरावे लागते, आणि मग डोके नेमके समोरच्याच्या टप्प्यात येते. ज्याची सारी भिस्त अंतरावर, त्याला हा सौदा कसा परवडावा?

पण सुमारे साडेतीन वर्षांच्या बंदीनंतर १९७० मध्ये तो परतला, तेव्हा पाय पूर्वीइतके चपळ उरले नव्हते. तरीही त्याने बरगड्यांवर मारण्याची सवय लावून घेतली नाही. उलट स्वतःच्याच बरगड्या पुढे केल्या! ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात दोरांना रेलून त्याने जॉर्ज फोरमनचे घणाघात दंडांवर आणि बरगड्यांवर झेलले. दमलेल्या फोरमनला आठव्या फेरीत पाडले, तेही डोक्यावरच्याच ठोशांनी.

पुढच्याच वर्षी मनिलात जो फ्रेझरने त्याच्या बरगड्या अक्षरशः कुटून काढल्या. अली चेहऱ्यावरच मारत राहिला. चौदाव्या फेरीनंतर प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली. सुजून मिटत चाललेल्या डोळ्यांनी फ्रेझरला समोरून येणारे ठोसे दिसेनासे झाले होते.