भकभक : धूर आणि आवाज यांची कुळकथा

जेवणाच्या टेबलावर मांडलेल्या गोल रुळांवर वाफेचं इंजीन फिरत होतं. एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढं. ड्रॉपरने धुराड्यात तेलाचे सात-आठ थेंब सोडले होते आणि टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या, पोटातल्या बटणाएवढ्या स्पीकरमधून खऱ्या इंजिनाचा ध्वनिमुद्रित आवाज येत होता. डोळे मिटून ऐकलं की अंगावर काटा यायचा. डोळे उघडले की मात्र काहीतरी खटकायचं. काय खटकतंय ते कळायला मला बरेच दिवस लागले. आवाज ठोक्याठोक्याने येत होता आणि धूर उदबत्तीसारखा, एका संथ रेघेत वर जात होता. आवाज इंजिनाचा, धूर देवघरातला.

खऱ्या इंजिनात असं होणं शक्यच नाही, कारण तिथे धूर आणि आवाज या मुळात दोन गोष्टी नाहीत. सिलिंडरमधला दट्ट्या ढकलून झाला, तरी वाफेत पुष्कळ जोर उरलेला असतो. ती वाफ फुकट न सोडता धुराड्याच्या बरोबर खाली असलेल्या अरुंद तोंडातून वर फेकली जाते. या तोंडाला ब्लास्ट पाइप म्हणतात. वर उसळणारा तो झोत बॉयलरच्या नळ्यांमधला धूर आपल्याबरोबर ओढून नेतो, मागे पोकळी तयार होते आणि भट्टीत ताजी हवा घुसते. प्रत्येक झोताला निखारे लाल होतात. झोत सुटताना होतो तो आवाज, आणि झोताने ओढून नेलेला तो धूर. एकाच श्वासाची ही दोन रूपं आहेत. चढावर इंजीन जितकं जोर लावेल तितका ठोका जड, तितकी ओढ जास्त, तितकी आग तेज. आपली आग आपणच फुंकणारं हे यंत्र आहे.

मराठी कानाला हे ठाऊक होतं असं मला वाटतं. ‘भकभक’ हा शब्द बघा. तो आवाज आहे की धूर? धूर भकाभक बाहेर पडतो असं आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांना दिसणारे लोट आणि कानाला जाणवणारे धक्के एकाच शब्दात येतात. इंग्रजीतल्या ‘पफ’चंही तेच. तो फुंकरीचा आवाजही आहे आणि धुराचा भपकाराही. उलट ज्या ‘झुकझुक’वर आपली पोरं वाढली, त्यात धुराचा मागमूस नाही. झुकझुक हा ‘झुकणे’चा, डब्याच्या डुलण्याचा शब्द आहे असं कोणी म्हणतात, तो हिंदी ‘छुकछुक’चा भाऊ आहे असंही म्हणतात. मला पहिलं मत पटत नाही, कारण ध्वनीची नक्कल करणाऱ्या शब्दांना धातूचा आधार लागत नाही. दुसरंही अपुरं वाटतं, कारण मग ‘छ’चा ‘झ’ का झाला हे सांगावं लागतं. माझं मत असं : वाफेचा ठोका एकदम फुटतो आणि हळूहळू विरतो. ‘झुक’ नेमका उलटा आहे. तो घोळत सुरू होतो आणि ‘क’वर तुटतो. रुळांच्या सांध्यावर चाक आपटतं ते असं. म्हणून झुकझुक हा डब्यात बसलेल्या उतारूचा शब्द आणि भकभक हा फलाटावर इंजिनाजवळ उभं राहिलेल्याचा. नमुना इंजीन बनवणाऱ्याला दुसरा हवा.

आता या भकभकीचं कूळ. ब्लास्ट पाइप कोणी शोधला, यावर इंग्लंडात पिढ्यान् पिढ्या भांडण चाललं. सॅम्युअल स्माइल्सने १८५७ मध्ये जॉर्ज स्टीफन्सनचं चरित्र लिहिलं आणि हे श्रेय स्टीफन्सनला दिलं. दुसरा दावेदार टिमथी हॅकवर्थ. त्याच्या बाजूने रॉबर्ट यंग यांनी १९२३ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते हॅकवर्थने शिल्डनच्या कारखान्यात १८२७ मध्ये तयार केलेलं ‘रॉयल जॉर्ज’ हेच खऱ्या अर्थाने ब्लास्ट पाइपचं पहिलं इंजीन. गोल्ड्सवर्दी गर्नी हा तिसरा दावेदार. विल्यम निकल्सनने तर १८०६ मध्येच वाफेच्या झोताने हवा ओढण्याचं पेटंट घेऊन ठेवलं होतं.

या सगळ्यांच्या आधी रिचर्ड ट्रेव्हिथिक आहे. वेल्समधल्या पेनिडॅरन इथे २१ फेब्रुवारी १८०४ रोजी त्याच्या इंजिनाने १० टन लोखंड आणि ७० माणसं घेऊन नऊ मैलांहून जास्त वाट कापली. त्या दिवसांत आपल्या विद्वान मित्राला, डेव्हिस गिडी यांना, लिहिलेल्या पत्रात त्याने नोंदवलं की वाफ धुराड्यात सोडली की आग जास्त चांगली पेटते. म्हणजे ही गोष्ट त्याने डोळ्यांनी पाहिली होती. पण तिचं पेटंट मात्र घेतलं नाही. विरोधक इथेच बोट ठेवतात : ज्याला महत्त्व कळलं तो पेटंट घेतल्याशिवाय राहील का? मला हा युक्तिवाद कच्चा वाटतो. ट्रेव्हिथिकने आयुष्यात धड सांभाळून ठेवलं असं काय आहे? त्याचं १८०१ मधलं कॅम्बोर्नचं रस्त्यावरचं इंजीन ‘पफिंग डेव्हिल’ म्हणून ओळखलं जातं. त्या नावातला ‘पफ’ हा माझ्या बाजूचा पुरावा. वाफ सरळ हवेत सोडली तरी फुंकरीचा आवाज होईलच, हे खरं. पण सैतान म्हणायला नुसती फुंकर पुरत नाही, तोंडातून धूरही यावा लागतो.

हॅकवर्थचा वाटा मी नाकारत नाही. तोंड अरुंद करून झोत धारदार केला तो त्याने. १८२९ च्या ऑक्टोबरात रेनहिल इथल्या इंजिनांच्या शर्यतीत त्याच्या ‘सॉन्स पॅरेल’ इंजिनाचा झोत इतका कडक होता की न जळलेला कोक धुराड्यातून बाहेर उडत होता. माझा निवाडा असा : निरीक्षण ट्रेव्हिथिकचं, धार हॅकवर्थची, कीर्ती स्टीफन्सनची.

पण मला या कुळात ओढलं ते एका नावाने. ज्या डेव्हिस गिडींना ते पत्र गेलं, त्यांनी १८१७ मध्ये पत्नीच्या घराण्याच्या इस्टेटीसाठी आडनाव बदललं आणि ते डेव्हिस गिल्बर्ट झाले. याच नावाने पुढे ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. खेळण्यातल्या रेल्वेचा इतिहास चाळणाऱ्याला गिल्बर्ट म्हटलं की दुसराच माणूस आठवतो. अमेरिकेत न्यू हेवनमधल्या ए. सी. गिल्बर्टच्या कारखान्याने १९४६ मध्ये ‘अमेरिकन फ्लायर’ गाड्यांना धूर आणि ‘चू-चू’ आवाज दिला, आणि दोन्ही एकाच यंत्रणेतून. ठोका आणि धूर एकच असल्याचं वर्तमान १८०४ मध्ये एका भावी गिल्बर्टच्या टपालात पडलं आणि १४२ वर्षांनी दुसऱ्या गिल्बर्टने ते खेळण्यात उतरवलं. रक्ताचं नातं लावण्याचा मोह मी आवरला. आडनाव लग्नाने आलेलं आहे, तिथे वंश शोधणं चुकीचं. पण योग विलक्षण आहे, आणि त्यामुळेच मी या दुसऱ्या गिल्बर्टकडे नीट पाहिलं.

हा माणूस साधा नव्हता. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बांबू-उडीचं सुवर्णपदक त्याने विभागून मिळवलं. येलमध्ये तो वैद्यक शिकला. पण धंदा सुरू केला तो जादूच्या सामानाचा, ‘मिस्टो’ नावाने. १९१३ चे ‘इरेक्टर’चे लोखंडी पट्ट्यांचे संच त्यानंतरचे आणि अमेरिकन फ्लायर त्याच्या हाती आली १९३८ मध्ये.

तोपर्यंत खेळण्यातल्या गाड्यांची स्थिती काय होती? स्पिरिटच्या दिव्यावर चालणाऱ्या जिवंत वाफेच्या खेळण्यांना धूर-आवाज आपसूक होता, पण विजेने चालणाऱ्या बहुतेक गाड्या मुक्या होत्या. प्रतिस्पर्धी लायोनेलने १९३५ मध्ये टेंडरमध्ये छोट्या मोटरचा पंखा बसवून शिट्टी वाजवली. १९४६ मध्ये त्यांनीही धूर आणला. दिव्याच्या बल्बच्या माथ्यावर खळगा करून त्यात अमोनियम नायट्रेटची गोळी ठेवायची, बल्ब तापला की गोळीतून धूर. पुढच्याच वर्षी बल्ब जाऊन तापणारी तार आली. युक्ती नामी होती, पण तिच्यात शिट्टीचं घर एकीकडे आणि धुराचं दुसरीकडे.

गिल्बर्टच्या इंजिनात हवेचा एक भाता होता. तो दाबला की हवा तापलेल्या तारेवरून जाई. धुराड्यातून भपकारा निघे आणि त्याच धक्क्याने ‘चू’ वाजे. सुरुवातीला ही यंत्रणा टेंडरमध्ये होती आणि धूर रबरी नळीने इंजिनापर्यंत येई. पुढे भात्याच्या जागी आलेला दट्ट्या इंजिनाच्या पोटात गेला आणि गियरने मोटरशी जोडला गेला. गाडी हळू तर भपकारे हळू, गाडी पळाली तर तेही पळाले.

याचं सरळ कारण सांगणारे म्हणतील, एका दट्ट्यात दोन कामं म्हणजे खर्च कमी, शिवाय लायोनेलशी चुरस. दोन्ही खरं असेल. पण स्वस्तात करायचं तर आवाज वगळता आला असता. चुरसच करायची तर शिट्टीची नक्कल पुरली असती. मी यात जादूगाराचा हात पाहतो. जादूगाराला पक्कं माहीत असतं की टाळी आणि रुमाल एकाच क्षणी यायला हवेत. पळभर जरी मागेपुढे झालं तरी प्रेक्षक युक्ती शोधू लागतो. डोळा आणि कान एकाच वेळी फसले तरच मन फसतं. हे माझं अनुमान आहे, पण मी त्यावर ठाम आहे.

पुढची काही दशकं मात्र ही एकी पुन्हा मोडली. छोट्या मापांसाठी जर्मनीत झॉयटेसारख्या कंपन्यांचे धूरजनक आले : एक बारीक नळी, तिच्यात तापती तार, तळाशी तेल. तेल नळीतून वर चढतं, उकळतं आणि त्याची वाफ बाहेरच्या गार हवेत धुक्यासारखी दिसते. काडीएवढ्या जागेत बसणारी ही सुंदर रचना आहे, पण तिला चाकांची खबर नसते. माझ्या टेबलावरची उदबत्ती ती हीच. दुसरीकडे आवाज इलेक्ट्रॉनिक्सकडे गेला. पॅसिफिक फास्ट मेल या कंपनीच्या यंत्रणेत आवाज रुळांमधूनच टेंडरच्या स्पीकरकडे येई आणि चाकाच्या आसावरचा स्पर्शक ठोक्याची वेळ सांगे. १९९० च्या दशकात डीसीसी ही अंकीय नियंत्रणाची पद्धत रूढ झाली आणि खऱ्या इंजिनांचे आवाज चिपवर बसले. आता तर मोटरवर ताण वाढला की डिकोडर, म्हणजे इंजिनातली डीसीसीची चकती, तो ओळखतो आणि ठोका आपोआप जड करतो.

ठोक्यांचा हिशेब इथे महत्त्वाचा. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके पडतात, तीन सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत सहा. (ट्रेव्हिथिकच्या पेनिडॅरन इंजिनाला एकच सिलिंडर होता, म्हणजे रेल्वेचा पहिला आवाज दोन ठोक्यांचा.) आपल्याकडच्या डब्ल्यूपी इंजिनाचं, त्या फुगीर नाकावर चांदणी मिरवणाऱ्या इंजिनाचं, मोठं चाक १७०२ मिलिमीटर व्यासाचं. ताशी ५ किलोमीटरने निघताना सेकंदाला जेमतेम एक ठोका. ६० ला साडेबारा. १०० ला जवळजवळ एकवीस. तिथे कान ठोके मोजणं सोडतो आणि सलग घरघर ऐकू येते. मापात चालवलेल्या नमुन्यात चाक आणि वेग एकाच प्रमाणात लहान होतात, म्हणून हे आकडे जसेच्या तसे लागू पडतात.

२००० नंतर एमटीएचसारख्या नमुना-रेल्वे बनवणाऱ्या कंपन्यांनी धूरजनकाशेजारी इवलासा पंखा बसवला. डिकोडर ठोक्याचा आवाज सोडतो त्याच क्षणी पंख्यालाही झटका देतो. असं इंजीन निघताना पाहिलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून टेबलाशी नाक नेलं. भक, आणि पांढरा गोळा. भक, आणि दुसरा. चौथ्याला चाकाचा दांडा पुन्हा खाली आलेला. वेग वाढला की गोळे एकमेकांत मिसळून पट्टा होतो, आणि खऱ्या इंजिनातही तेच होतं.

अजून दोन गोष्टी राहिल्यात. धुराला माप कळत नाही. सत्त्याऐंशी पटींनी लहान धुराड्यातून निघालेला लोटही खऱ्या हवेतच विरतो आणि खऱ्या काळातच वर चढतो. आणि नमुन्यातला हा धूर खरं तर धूरच नाही, तेलाच्या वाफेचं धुकं आहे. थंडीतल्या खऱ्या इंजिनाच्या पांढऱ्या ढगाशी त्याचं सख्खं नातं आहे, कारण तोही वाफ गार होऊन बनलेल्या थेंबांचाच असतो. कोळशाचा काळा धूर मात्र घरातल्या टेबलावर यायचा नाही, आणि येऊ नये.

दार्जिलिंगला गेलात, तर घूमच्या स्टेशनात निळ्या बी-क्लास इंजिनाजवळ उभे राहा. गाडी सुटेल तेव्हा चाकाच्या दांड्यावर नजर ठेवा आणि एका फेऱ्यातले ठोके मोजा. चार येतील, आणि प्रत्येकाबरोबर धुराड्यातून एक लोट.