देवमूर्तींची चोरी आणि नोंदवहीचे मोल

देवमूर्तीचे स्थलांतर हा विषय महाजन कुटुंबांस नवा नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजसत्तेच्या जाचामुळे कुशस्थळीचा श्रीमंगेश प्रियोळास गेला, केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास विसावली आणि वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास आली. ती स्थलांतरे संकटकाळातील होती खरी. परंतु मूर्ती उचलणारे हात पूर्वजांचे होते, आणि देव कोठून निघाला, कोठे पोचला व त्याचे कुळावी कोण, याची स्मृती पिढ्यान्‌पिढ्या जतन झाली. त्यामुळे चार शतके लोटली तरी कूळ आणि कुलदैवत यांची ताटातूट झाली नाही.

चोरीची रीत याच्या अगदी उलट असते. चोर मूर्तीबरोबर तिचे नाव, गाव व कूळही नेतो. कालांतराने ती एखाद्या दूरदेशीच्या काचेच्या पेटीत उभी राहते तेव्हा तिच्यापुढे फक्त धातू, शतक आणि प्रांत एवढेच लिहिलेले असते. जिला नित्य नैवेद्य दाखविला जात असे ती देवता अनामिक कलावस्तू होऊन बसते.

महाराष्ट्रातील दोन घटना या संदर्भात लक्षात घेण्याजोग्या आहेत. रायगड जिल्ह्यातील दिवेआगर येथे १७ नोव्हेंबर १९९७ रोजी एका बागेत खणताना तांब्याची पेटी सापडली. तिच्यात श्रीगणेशाचा सुवर्ण मुखवटा होता. त्याच्या दर्शनासाठी दूरदूरचे भाविक येऊ लागले व त्या गावाचे रूपच पालटले. २४ मार्च २०१२ रोजी दरोडेखोरांनी देवळातील दोन रखवालदारांची हत्या करून तो मुखवटा नेला. पोलिसांनी आरोपी पकडले, सोनेही पुष्कळसे हाती आले; परंतु ते वितळविलेले होते. २०१७ साली विशेष न्यायालयाने दोषींना शिक्षा ठोठावली, आणि २३ नोव्हेंबर २०२१ रोजी, अंगारकी चतुर्थीस, नव्याने घडविलेल्या मुखवट्याची स्थापना झाली. देवस्थान पुन्हा गजबजले. तथापि जुन्या अज्ञात कारागिराच्या हातची घडण आणि दोन माणसांचे प्राण यांची भरपाई कोणतेही न्यायालय करू शकत नाही.

दुसरी घटना गोदावरीखोऱ्यातील. जालना जिल्ह्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. तेथील राममंदिरातून ऑगस्ट २०२२ मध्ये पंचधातूच्या प्राचीन मूर्ती चोरीस गेल्या. संपूर्ण महाराष्ट्र हळहळला. ऑक्टोबर २०२२ मध्ये पोलिसांनी चोरांचा माग काढून मूर्ती हस्तगत केल्या. जांबच्या मूर्तींना नाव होते, त्यांची छायाचित्रे गावोगाव पोचली होती व त्यांना ओळखणारे असंख्य होते. असा लौकिक लहान गावच्या देवळास क्वचितच लाभतो.

मूर्ती जागेवर दिसत असली म्हणजे ती सुरक्षित आहे, असेही समजू नये. तंजावर प्रांतातील शिवपुरम येथे १९५१ साली चोलकालीन नटराजाची मूर्ती भूमीत सापडली. १९५४ मध्ये ती डागडुजीसाठी स्थपतीकडे सोपविण्यात आली. देवळात परत आली ती हुबेहूब नक्कल! भाविक तिलाच हात जोडत राहिले. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६५ साली आपल्या ग्रंथात देवळातील मूर्ती बनावट असल्याचे नमूद केले, तेव्हा हा प्रकार उजेडात आला. मूळ मूर्ती १९७३ साली अमेरिकेतील नॉर्टन सायमन या संग्राहकाने नऊ लक्ष डॉलरांस घेतली. भारत सरकारने दावा लावला, १९७६ साली तडजोड झाली, आणि १९८६ साली नटराज मायदेशी परतला.

प्रतिकृती करणे हा मुळात दोष नव्हे. जांबच्या त्याच गोदावरीखोऱ्यात खाली तेलंगणात निर्मल गाव आहे. तेथील नक्काश कारागीर पोणिकीच्या हलक्या लाकडाची फळे व पशुपक्षी इतके हुबेहूब घडवितात की पाहणारा क्षणभर फसावा. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून ते लाकडी फळ्यांवर चित्रेही रंगवितात. परंतु ती कलाकृती निर्मलची म्हणूनच विकली जाते, मुळाच्या नावाने नव्हे. शिवपुरमला नक्कल मुळाच्या आसनावर बसली आणि तो भेद सांगणारा कागद देवळापाशी नव्हता.

कागदाचे व पुराव्याचे सामर्थ्य आणखी दोन खटल्यांत दिसते. पाथूर येथे १९७६ साली एका मजुरास आपल्या खोपीजवळ खणताना नटराज सापडला. तो हातोहात विकला जाऊन लंडनला पोचला. ज्या देवळाचा तो देव, ते देऊळ भग्नावस्थेत होते. तरीही लंडनच्या न्यायालयाने १९८८ साली देवळाच्या बाजूने निकाल दिला, तो १९९१ साली अपिलातही कायम राहिला, व देवालय स्वतः वादी म्हणून उभे राहू शकते हे तत्त्व परकीय न्यायासनाने मान्य केले. तेथे मूर्तीला चिकटलेली माती आणि वाळवीच्या खुणा यांची साक्षसुद्धा तपासली गेली. पुढे श्रीपुरंदान गावच्या बंद देवळातून नाहीसा झालेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ साली पन्नास लक्षांहून अधिक डॉलरांस विकत घेतला. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने त्या मूर्तीचे छायाचित्र १९९४ सालीच टिपून ठेवले होते. त्या एका छायाचित्राने ओळख पटली, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये मूर्ती भारतास परत मिळाली. विकणाऱ्यास २०२२ साली कुंभकोणमच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली.

कायद्याचे साहाय्य आहेच. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ साली संमत झाला व १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही. गोव्यातील देवस्थानांना तर १८८६ व १९३३ च्या नियमावल्यांपासून हिशेब व मालमत्तेच्या नोंदीची शिस्त परिचित आहे. तथापि बहुतेक ठिकाणी दागिन्यांचे वजन गुंजेपर्यंत लिहिलेले आढळते आणि ज्या देवाच्या अंगावर ते चढतात त्याची उंची मात्र कोणीच लिहीत नाही. मूर्ती सदैव वस्त्रालंकारांत व पुष्पांत झाकलेली. तिचे मूळ स्वरूप अभिषेकाच्या वेळी पुरोहितासच दिसते. तो पुरोहित गेला की ती ओळखही जाते.

गर्भगृहातील देवाचे छायाचित्र घेऊ नये, अशी अनेक देवालयांची मर्यादा आहे व ती आदरणीय आहे. परंतु मोजमाप लिहिण्यास, भंगलेल्या बोटाची वा झिजलेल्या प्रभावळीची टिपण ठेवण्यास आणि ते पत्रक मोहोरबंद करून तिजोरीत ठेवण्यास कोणतीही मर्यादा आड येत नाही. पालखीत मिरविणारी उत्सवमूर्ती तर सर्वांसमक्ष असते. तिचे चहूबाजूंनी छायाचित्र घेऊन एक प्रत देवळाबाहेर ठेवावी. मूर्ती दुरुस्तीस जाताना व परत येताना वजन करून समितीने सह्या कराव्यात. नव्या समितीने कारभार हाती घेताना किल्ल्यांबरोबर हे पत्रकही पडताळून घ्यावे. यास खर्च थोडा, परंतु दक्षता मोठी लागते.

पूर्वजांनी मूर्ती खांद्यावरून वाहून आणल्या, तेव्हा कागदाची उणीव त्यांच्या स्मृतीने भरून काढली. आता महाजन कुटुंबे मुंबई, पुणे, बंगळूर व त्याही पलीकडे विखुरली आहेत, आणि वर्षातून एकदा जत्रेस येणाऱ्या डोळ्यांवर ती जबाबदारी टाकता येत नाही. देवाचे नाव, गाव व रूप लिहून ठेवणे हीही एक सेवाच आहे, आणि ती महाजनांकडूनच घडावयाची आहे.