परदेशगमन, मत्स्यविद्या आणि आपला शिष्यवृत्ती-निधी

मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी दानशूरांचे परिचय, दिवंगतांस श्रद्धांजली आणि गुणवंत विद्यार्थ्यांची यादी असते. यंदा आम्ही ज्ञातिबंधुभगिनींपुढे थोडा निराळा विषय ठेवीत आहोत. मत्स्यविद्येचा अभ्यास करणाऱ्या एखाद्या तरुण संशोधकास परदेशातील परिषदेत आपला निबंध वाचावयास जावयाचे असेल, तर त्याच्या प्रवासाचा खर्च कोणी उचलावा, आणि असे खर्च आजवर कोणी उचलले, हा तो विषय होय. शहापूर-मुरबाडकडील वाचक विचारील की, उंबरमाळीस समुद्र कोठे आहे? प्रश्न रास्त आहे.

उंबरमाळीस समुद्र नाही, पण मासा आहे. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून ओढे भरले, म्हणजे नदीतील मासा उलट्या धारेने चढू लागतो व थेट भातखाचरांपर्यंत येतो. आपल्याकडे यास वलगण म्हणतात. पाग, टोपली, काठी, जे हाती येईल ते घेऊन माणसे रात्री बाहेर पडतात. हा मासा अंडी घालण्यासाठी चढतो, हे आपल्या वाडवडिलांस ठाऊक नव्हते असे नाही. गाभोळी भरलेला मासा अधिक चवदार, हेही त्यांस ठाऊक होतेच. शिवाय १८९२ साली तानसा, १९५७ साली वैतरणेवरील मोडकसागर आणि पुढे भातसा असे मोठमोठे जलाशय आपल्याच मुलखात झाले. त्यांतील पाणी मुंबईस जाते. आणि आपल्या मुलांपैकी कोणी मत्स्यविद्या शिकू म्हटले, तर तेही बहुधा त्या पाण्यामागोमाग मुंबईस जाते.

परदेशगमनाच्या इतिहासात ज्ञातिसंस्थांचे पहिले पान फारसे भूषणावह नाही, आणि ज्ञातीच्या स्मरणिकेत ते लपविण्याचेही कारण नाही. १८८८ साली मोहनदास गांधी बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी विलायतेस निघाले, तेव्हा मुंबईतील मोढ वाण्यांच्या पंचांनी त्यांस सभेत बोलावून जातीबाहेर टाकले. त्यांस जो मदत करील किंवा बंदरावर निरोप द्यावयास जाईल त्यास सव्वा रुपया दंड, असेही ठरले. १८९१ साली ते परतल्यावर त्यांच्या थोरल्या बंधूंनी त्यांस नाशिकास नेऊन गोदावरीचे स्नान घडविले व राजकोटास ज्ञातिभोजन घातले. मुंबईहून नाशिकाकडे जाणारा लोहमार्ग १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत व १८६५ मध्ये घाट चढून इगतपुरीपर्यंत पोहोचला होता. तेव्हा समुद्रोल्लंघनाचा दोष धुवावयास निघालेली अशी किती मंडळी उंबरमाळीच्या माळावरून गाडीने गेली असतील, याची गणती कोणी ठेविलेली नाही.

आपल्या शेजारच्या कल्याणचे उदाहरण याहून जुने आहे. आनंदीबाई जोशी यांचे माहेर कल्याणचे. १८८३ च्या एप्रिलात त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. त्यांस ना ज्ञातीची शिष्यवृत्ती होती, ना संस्थानची. अमेरिकेत न्यू जर्सीतील रोझेल गावी राहणाऱ्या कार्पेंटरबाईंनी त्यांस आपल्या घरी ठेवून घेतले. एका परक्या बाईने उघडलेले दार, हीच तेव्हाची प्रवासवृत्ती म्हणावयाची.

पुढे दहा वर्षांच्या आत पैशाची सोय होऊ लागली. १८९२ साली जमशेटजी टाटांनी हिंदी विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी निधी स्थापिला. त्याच्या पहिल्या लाभार्थींत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. या निधीची एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. त्यातून मिळणारी रक्कम मुख्यतः कर्जाऊ असे. घेणारा ती फेडी आणि तोच पैसा पुढच्यास मिळे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांस दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षेपर्यंत, अशी शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. तेथे ९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या या विद्यार्थ्याने प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात एक निबंध वाचला. निबंधाचा विषय होता हिंदुस्थानातील जातिसंस्था. ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहिताना या योगायोगाकडे डोळेझाक करणे बरे दिसणार नाही. १९२० साली ते पुनः विलायतेस निघाले, तेव्हा स्वतःच्या प्राध्यापकीच्या मिळकतीतून साठविलेल्या पैशास नवल भाथेना या पारशी मित्राने दिलेल्या पाच हजार रुपयांच्या कर्जाची जोड मिळाली. राजाची देणगी थोर खरीच. पण मित्राची वेळेवर आलेली उसनवारी तिच्याहून हलकी नसते.

आता माशाकडे वळू. ज्या १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेस गेल्या, त्याच साली लंडनला आंतरराष्ट्रीय मत्स्यप्रदर्शन भरले. त्यातील हिंदी विभागाचे काम फ्रान्सिस डे या वैद्याकडे होते. हिंदुस्थानातील माशांवरील त्याचा मोठा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात निघाला होता. म्हणजे आपले मासे त्या वेळी समुद्रापार गेले. ते धरणारा व त्यांस नावाने ओळखणारा मनुष्य मात्र काठावरच राहिला. मत्स्यविद्येत हिंदी माणूस आपले नाव लावून जगापुढे येण्यास पुढे पुष्कळ वर्षे लागली. १९४० साली सी. व्ही. कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्यात सापडलेल्या एका बोटाएवढ्याही न भरणाऱ्या, जवळजवळ पारदर्शक माशाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यास होरा व सेटना या दोन हिंदी मत्स्यशास्त्रज्ञांची नावे दिली. हेच कुलकर्णी पुढे महाराष्ट्राचे मत्स्यव्यवसाय संचालक झाले. १९७० च्या सुमारास त्यांनी लोणावळ्यास टाटांच्या जलाशयाकाठी खडस माशाचे कृत्रिम प्रजनन साधले, आणि तेथील बीज इतर राज्यांतही गेले.

परंतु परदेशातील ज्ञानाचा आपल्या तळ्याशी कसा संबंध पोहोचतो, हे पाहावयाचे तर प्रेरित प्रजननाची हकीगत सांगितली पाहिजे. कटला, रोहू व मृगळ हे मासे साचलेल्या तळ्यात वाढतात, पण तेथे अंडी घालीत नाहीत. त्यांस वलगणीसारखा पूर लागतो. त्यामुळे पूर्वी गंगेच्या व इतर नद्यांच्या पुरात मत्स्यजिरे गाळून, हंड्यांत भरून, कलकत्त्याच्या बाजारातून रेल्वेने प्रांतोप्रांती पाठविण्याची चाल होती. वाटेत पुष्कळ जिरे मरे, आणि जे पोहोचे त्यात कोणत्या जातीचा मासा किती, हे पोहोचल्यावरही उमगत नसे. १९३० च्या सुमारास अर्जेंटिनातील बर्नार्दो हूसे यांनी माशाच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीचा अर्क दुसऱ्या माशास टोचून पाहिला. ब्राझीलमध्ये फॉन इहेरिंग यांनी तो प्रयोग पुढे नेला. पंजाबात हमीद खान यांनी मृगळावर तो करून पाहिला. शेवटी १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे हिरालाल चौधरी व के. एच. अलीकुन्ही यांनी आपल्या मोठ्या माशांकडून याच रीतीने अंडी घालविली. चौधरींचे काही शिक्षण अमेरिकेतील ऑबर्न येथे झाले होते. तो १० जुलै आता मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. ब्यूनस आयर्सच्या प्रयोगशाळेतून निघालेली कल्पना सत्तावीस वर्षांनी ओरिसाच्या तळ्यात उतरली. आज आपल्या शेततळ्यांत व धरणांत बोटुकली सोडतात, ती या वाटेने आलेली आहे. सत्तावीस वर्षे फार झाली, असेही वाटून जाते. त्या काळी संशोधकाहून त्याचा निबंधच आधी बोटीने समुद्र ओलांडी, आणि मनुष्य मनुष्यास भेटण्याचे प्रसंग थोडे.

स्वातंत्र्याच्या साली, १९४७ मध्ये, सागरी व गोड्या पाण्यातील मत्स्यसंशोधनाच्या केंद्रीय संस्था निघाल्या. १९६१ साली मुंबईस केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था स्थापन झाली. १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ साली मत्स्य महाविद्यालय सुरू झाले. परिषदाही वाढल्या. आशियाई मत्स्य परिषद १९८६ साली मनिला येथे प्रथम भरली, २००७ मध्ये ती कोचीस आली, २०२५ मध्ये दिल्लीस. जागतिक मत्स्य महासभा १९९२ साली अथेन्सला भरली, तिची नववी बैठक २०२४ मध्ये अमेरिकेत सिअॅटलला झाली. कोचीस व दिल्लीस आगगाडीने जाता येते. अथेन्स व सिअॅटलचे तसे नाही.

येथेच खरी अडचण आहे. सरकारच्या व विद्यापीठांच्या परदेशी शिष्यवृत्त्या आहेत, त्या मुख्यतः पदवीसाठी. परिषद आठ दिवसांची, निबंध पंधरा मिनिटांचा. तो या शिष्यवृत्त्यांच्या चौकटीत बसत नाही. त्यासाठी निराळी प्रवास-अनुदाने असतात. केंद्र सरकारच्या विज्ञान खात्याने पस्तीस वर्षांपर्यंतच्या तरुण संशोधकांस विमानभाडे देण्याची योजना अनेक वर्षे चालविली. ब्रिटिश बेटांची मत्स्यविद्या संस्था आपल्या सभासदांस प्रवासवृत्ती देते. कित्येक परिषदा स्वतःच काही तरुणांची फी माफ करतात. हे सर्व आहे. पण त्याचा क्रम उलटा आहे. निबंधाचा सारांश कित्येक महिने आधी धाडावयाचा, तो स्वीकारल्याचे पत्र आले की प्रवेश-फी भरावयाची, व्हिसाची फी भरावयाची, तिकीट काढावयाचे. आणि पुष्कळ ठिकाणी अनुदानाची रक्कम हाती पडते ती परत आल्यावर, बिले व विमानाचे अर्धे तिकीट जोडून पाठविल्यानंतर. युरोप-अमेरिकेची अशी फेरी लाख रुपयांच्या आत क्वचितच बसते. ज्याच्या घरी लाख रुपये चारसहा महिने अडकवून ठेवता येतात, त्यासच अनुदान उपयोगी पडते. बापाची दोन एकर वरकस जमीन आणि घरातील पहिलीच पदवी, अशा मुलाच्या किंवा मुलीच्या हाती स्वीकारपत्र असूनही मनुष्य घरीच राहतो. त्याच्या नावापुढे परिषदेच्या पुस्तकात ‘अनुपस्थित’ म्हणून नोंद होते, आणि ज्यांनी त्यास पुढे काम दिले असते त्यांची भेट होत नाही.

मग ज्ञातीने काय करावे? पूर्ण खर्च उचलण्याची आपल्या मंडळाची ऐपत नाही, आणि तशी हाव धरणेही योग्य नव्हे. पण भाथेनाशेठनी केले ते आपणांस करता येण्याजोगे आहे. शिष्यवृत्ती-निधीतील काही रक्कम बाजूस काढून ती फिरती ठेवावी. ज्यास परिषदेचे स्वीकारपत्र व अनुदानाचे मंजुरीपत्र अशी दोन्ही आली आहेत, त्यास ती बिनव्याजी द्यावी, आणि अनुदान हाती येताच त्याने ती मंडळाकडे भरावी. मुलगा व मुलगी असा भेद नसावा. मत्स्यविद्येपुरतेच हे ठेवावे असेही नाही. आम्ही ती निवडली, कारण तिच्याकडे आपल्या मंडळींचे लक्ष कमी आणि आपल्या मुलखातील पाणी पुष्कळ. अट एकच घालावी. परत आलेल्याने मृगापूर्वी एखाद्या रविवारी गावात येऊन, तेथे काय पाहिले व काय ऐकले ते मराठीत सांगावे. वलगणीच्या आधी सांगितलेले अधिक उपयोगी पडेल, कारण कोणता मासा सोडावा व कोणता धरावा, हे मंडळी तेव्हाच विचारतील.

हा प्रस्ताव आम्ही येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवणार आहोत. फिरत्या रकमेचा आकडा, परतफेडीची मुदत व जामिनाचा प्रश्न कार्यकारिणीने सभेपूर्वी ठरवून सभासदांस कळवावा, अशी विनंती आहे.