कोळसा, पोलाद आणि सीमेवरची माणसे

नववीच्या वर्गात पहिले महायुद्ध शिकवीत होतो. एका मुलाने विचारले, "सर, इंग्लंड-जर्मनीचा एकमेकांशी एवढा व्यापार होता, मग ते लढले कसे?"

प्रश्न रास्त होता. १९१० साली नॉर्मन एंजल या इंग्रज पत्रकाराने 'द ग्रेट इल्यूजन' या पुस्तकात हाच मुद्दा मांडला होता. देशांचे धंदे आणि बँका एकमेकांत इतक्या गुंतल्या आहेत की, युद्ध जिंकणाऱ्यालाही परवडणार नाही. चारच वर्षांत युद्ध पेटले आणि लोक एंजलला हसले. वास्तविक युद्ध अशक्य आहे, असे त्याचे म्हणणे नव्हतेच. ते आतबट्ट्याचे ठरेल, एवढेच तो सांगत होता. आणि तसे ते ठरलेही.

मला वाटते, नुसती देवघेव राष्ट्रे एका दिवसात मोडू शकतात. तोफा ओतण्याचे साहित्यच सामाईक असले, तर मात्र पंचाईत होते. जर्मनीच्या रूहर खोऱ्यात कोळसा, फ्रान्सच्या लॉरेनमध्ये लोहखनिज. या लॉरेनचा मोझेल भाग १८७१ मध्ये जर्मनीकडे गेला, १९१८ मध्ये फ्रान्सकडे आला, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीने घेतला आणि महायुद्धाअखेर पुन्हा फ्रान्सला मिळाला. घराचा उंबरठा न ओलांडता तिथल्या म्हाताऱ्यांचा देश चार वेळा बदलला!

९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमान यांनी दोन्ही देशांचा कोळसा व पोलाद एकाच मंडळाच्या हाती देण्याची योजना जाहीर केली. मूळ कल्पना झाँ मोने यांची. पुढच्या वर्षी सहा देशांनी पॅरिसला करार केला. ब्रिटन बाहेर राहिला. एकट्याने गुपचूप शस्त्रे घडवणे आता कोणालाच सोपे उरले नाही.

शूमान जन्मले लक्झेंबर्गमध्ये, जर्मन नागरिक म्हणून. फ्रेंच झाले ते पहिल्या महायुद्धानंतर. इटलीचे पंतप्रधान दे गास्पेरी त्रेंतिनोचे, तरुणपणी ऑस्ट्रियाच्या संसदेत बसलेले. जर्मनीचे आडेनाउअर ऱ्हाइनकाठचे. तिघांनाही जर्मन येत असल्यामुळे दुभाष्यावाचून बोलता येई. घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्या वाचकांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

तो करार पन्नास वर्षांचा होता. २००२ मध्ये त्याची मुदत संपली. तोवर त्या दोन देशांत पुन्हा युद्ध झाले नव्हते. उलट २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले, त्याच्या आदल्या वर्षी जर्मनीच्या आयात वायूपैकी निम्म्याहून अधिक रशियाचा होता. तिथे माल एकाचा होता आणि पैसा दुसऱ्याचा. नळाची चावी दोघांच्या हाती कधीच नव्हती.